तेनाया सरोवराच्या कांठीं मुक्काम

उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगरांत पाइन वृक्षाची एक जात आहे. तिला ‘लॉजपोल’ असें म्हणतात. लॉज म्हणजे त्या खंडांतील मूळच्या रहिवाशांची राहुटी, आणि पोल म्हणजे खांब. सरळ, सडपातळ वाढणारें हें झाड कापून त्याच्या सोटांवर तेथील कित्येक जमाती आपल्या राहुट्या उभारीत, म्हणून गोऱ्या लोकांनीं त्याला हें नांव दिलें. ज्याच्या नांवांतच मुक्काम आहे असें दुसरें झाड सहसा आढळावयाचें नाहीं.

या झाडांच्या रानांत, डोंगरमाथ्यावरच्या एखाद्या निळ्या सरोवराच्या कांठीं चार दिवस तंबू ठोकून राहावें, ही हौस आतां सर्व जगांत पसरली आहे. शहरांतला मनुष्य वर्षाचे अकरा महिने दगडाविटांच्या भिंतींत काढतो आणि बाराव्या महिन्यांत कापडाच्या भिंतीआड निजण्यासाठीं पदरचे पैसे खर्च करतो, याचें कोणास हसूं आलें तर त्यास दोष देतां येणार नाहीं. पण नुसती थट्टा करून या हौसेची वासलात लागत नाहीं. तळ कोणी टाकावा, कोठें टाकावा, किती दिवस ठेवावा आणि उठतांना मागें काय सोडावें, हे प्रश्न दिसतात तितके क्षुल्लक नाहींत. कॅलिफोर्नियांतील तेनाया सरोवराच्या कांठीं ते सगळे गेल्या पावणेदोनशें वर्षांत एकामागून एक उभे राहिले. म्हणून त्या एकाच सरोवराची हकीगत येथें सांगावयाची आहे.

कॅलिफोर्नियाच्या पूर्व अंगास सिएरा नेवाडा नांवाची पर्वतरांग पसरलेली आहे. योसेमिटी हें प्रसिद्ध राष्ट्रीय उद्यान याच रांगेंत आहे. त्याचें नांव निघालें म्हणजे एका खोल दरीचे उभे कडे आणि त्यांवरून कोसळणारे धबधबे लोकांच्या डोळ्यांपुढें येतात. परंतु तेनाया सरोवर त्या दरींत नाहीं. दरीच्या तळापासून आणखी चार हजार फूट वर, समुद्रसपाटीपासून सुमारें ८,१५० फूट उंचीवर तें आहे. आपलें महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आंतबाहेर आणि कळसूबाईचें शिखर ५,४०० फूट, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या उंचीची कांहीं कल्पना येईल. सरोवराची लांबी सुमारें एक मैल आणि रुंदी अर्धा मैल. भोंवतीं करड्या-पांढऱ्या ग्रॅनाइट दगडाचे उघडेबोडके घुमट, त्यांच्या पायथ्याशीं लॉजपोलचें रान आणि एका टोंकाला वाळूचा किनारा, असा एकंदर देखावा आहे.

या ठिकाणचें खरें वैशिष्ट्य मात्र खडकांत आहे. सुमारें वीस हजार वर्षांपूर्वीं हा सारा प्रदेश हिमनदीखालीं गाडला गेला होता. हिमनदीचा बर्फ स्वतःच्या भारानें अगदीं सावकाश, पण अखंड, उताराकडे सरकत असतो. त्याच्या तळाशीं अडकलेले दगडगोटे खालच्या खडकावर चरे ओढीत जातात, आणि त्यांचा पिठासारखा झालेला चुरा त्याच खडकाला घासून घासून झिलई आणतो. चंदन उगाळतांना चंदन झिजतें, पण सहाणहि गुळगुळीत होत जाते, तसाच हा प्रकार; फरक इतकाच कीं, येथें सहाण मैलोगणती लांब होती आणि उगाळण्याचें काम हजारों वर्षें चाललें होतें. पुढें हवा उबदार झाली, बर्फ वितळला, खोदल्या गेलेल्या खळग्यांत पाणी सांचलें आणि खडकांवरची झिलई तशीच राहून गेली. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हांत ते खडक आजहि ओल्यासारखे चमकतात. ज्या लोकांनीं या सरोवराला प्रथम नांव दिलें त्यांनीं नेमकी हीच गोष्ट टिपली होती. त्यांच्या भाषेंत सरोवराचें नांव होतें ‘पायवीॲक’, म्हणजे चकाकणाऱ्या खडकांचें सरोवर.

हे लोक अहवानीची या नांवानें ओळखले जातात. खालच्या दरीला ते अहवानी म्हणत. हिवाळा खालीं काढावा, उन्हाळ्यांत बर्फ ओसरूं लागला कीं वर चढावें, पर्वत ओलांडून पलीकडच्या मोनो सरोवराकांठच्या पायूट लोकांशीं देवघेव करावी, ओक वृक्षाचीं फळें द्यावींत आणि बाणांच्या टोंकांसाठीं काळा काचेसारखा दगड घ्यावा, असा त्यांचा वर्षक्रम असे. या वाटेवर सरोवराकांठचा मुक्काम ठरलेला. त्यांचा नायक तेनाया. त्याची आई पायूट जमातीची होती, त्यामुळें पर्वताच्या दोन्ही अंगांस त्याचीं सोयरीं होतीं. ज्याला आज आपण सुटीतला तळ म्हणतों, तो या लोकांचा संसारच होता.

१८४८ सालीं कॅलिफोर्नियांत सोनें सांपडलें आणि पुढच्या दोन वर्षांत त्या लोभानें आलेल्या माणसांचा लोंढा डोंगरांच्या पायथ्याला येऊन भिडला. शिकारीचीं रानें गेलीं, ओकचीं झाडें तुटलीं, चकमकी झडूं लागल्या. तेव्हां या जमातींना डोंगरांतून उठवून सपाटीवरील राखीव जागेंत नेऊन ठेवण्यासाठीं १८५१ च्या आरंभीं ‘मारिपोसा बटालियन’ नांवाची स्वयंसेवकांची एक पलटण उभारण्यांत आली. मार्च महिन्यांत ती योसेमिटीच्या दरींत उतरली. तिच्याबरोबर लाफायेट बनेल नांवाचा एक वैद्यकी जाणणारा गृहस्थ होता. दरीला योसेमिटी हें नांव सुचविणारा तोच, आणि पुढें १८८० सालीं या मोहिमेचा वृत्तांत पुस्तकरूपानें छापणाराहि तोच. दुसऱ्या खेपेस पलटणीनें तेनायाला पकडलें. तत्पूर्वींच त्याचे तीन मुलगे धरले गेले होते, आणि त्यांतला धाकटा पळून जाण्याचा प्रयत्न करीत असतां गोळी घालून मारला गेला होता. बापाला पुत्राचें प्रेतच पाहावयास मिळालें.

उरलेली टोळी वरच्या रानांत निघून गेली होती. तिच्या शोधार्थ शिपायांची एक तुकडी बर्फ तुडवीत वर चढली आणि सरोवराच्या कांठीं तिला टोळीचा तळ आढळला. उपासानें आणि थंडीनें गळालेलीं माणसें तीं. प्रतिकार असा झालाच नाहीं. बनेलनें पकडलेल्यांची संख्या ३५ दिली आहे. त्यांतलीं बहुतेक सारीं तेनायाच्याच कुटुंबांतलीं होतीं. बनेलला सरोवर फार आवडलें. या म्हाताऱ्या नायकाचें नांव सरोवराला द्यावें असें त्याच्या मनांत आलें, आणि त्यानें तें तेनायाला मोठ्या सद्भावनेनें सांगितलेंहि. तेनायाला प्रथम त्याचा अर्थच उमगेना. मग त्यानें वरच्या चकाकणाऱ्या खडकांकडे बोट दाखवून कळविलें कीं, या सरोवराला नांव आहे, त्याला आम्ही पायवीॲक म्हणतों. त्यावर बनेलनें खुलासा केला कीं, तुझीं माणसें आम्हांला येथें सांपडलीं आणि तीं आतां येथें राहावयास पुन्हां कधीं यावयाचीं नाहींत, म्हणून हें नांव. तें ऐकून तेनायाचा चेहरा उतरला, असें बनेलनेंच लिहून ठेवलें आहे.

हा प्रसंग सांगणारा जेत्यांपैकींच होता, आणि त्याला त्यांत आपला गौरव करण्याचें कारण दिसत नव्हतें. म्हणून त्यावर विश्वास ठेवावयास हरकत नाहीं. बनेल दुष्ट नव्हता. तेनायाच्या मुलाची हत्या त्याला मुळींच रुचली नव्हती. परंतु सज्जन माणसाच्या हातूनहि कसला सन्मान घडूं शकतो, याचें याहून बोलकें उदाहरण मिळणें कठीण. घर काढून घ्यावयाचें आणि दारावर घरधन्याच्या नांवाची पाटी लावावयाची! असो. तेनायाला राखीव जागेंतून कांहीं महिन्यांनीं परत जाऊं दिलें. पण जुनी घडी पुन्हां बसली नाहीं, आणि १८५३ सालीं तो वारला.

त्यानंतर सोळा वर्षांनीं, १८६९ च्या ऑगस्टमध्यें, सरोवराच्या पश्चिम टोंकाला निराळाच तळ पडला. दोन हजारांहून अधिक मेंढरें, एक मेंढपाळ, एक थोरला सेंट बर्नार्ड कुत्रा, आणि त्यांच्यावर देखरेख करण्यासाठीं ठेवलेला एकतीस वर्षांचा एक स्कॉटिश तरुण, असा तो सरंजाम होता. आपल्याकडे धनगरांचा वाडा उन्हाळ्यांत गांवोगांव हिंडतो, तसाच सखल प्रदेशांतलीं कुरणें वाळलीं कीं तेथले मेंढरांचे मालक आपले कळप सिएराच्या माथ्यावर चढवीत. हा तरुण म्हणजे जॉन म्यूर. अमेरिकेंतील राष्ट्रीय उद्यानांच्या चळवळीचा पुढें तो अग्रणी झाला. पण त्या उन्हाळ्यांत तो वनस्पतींचे नमुने वहीत दाबीत आणि खडकांवरचे चरे न्याहाळीत हिंडणारा एक पगारी नोकर होता.

म्यूरच्या त्या उन्हाळ्याची रोजनिशी १९११ सालीं पुस्तकरूपानें निघाली. डोंगरांतल्या मुक्कामाची केवळ गोडी गाणाऱ्यांनीं तींतला जुलै महिन्याचा आरंभ अवश्य वाचावा. सरोवरापर्यंत पोंचण्यापूर्वींच एका खालच्या तळावर त्यांचें पीठ संपलें. मेंढ्यांचा मालक शिधा घेऊन यावयाचा, त्याला उशीर झाला. मटण हवें तितकें होतें, चहा होता. पण भाकर नव्हती. चार-आठ दिवसांतच पोटांत कळा येऊं लागल्या, रात्रीं झोंप येईना, आणि भोंवतींचें अलौकिक सौंदर्य पाहण्याचें त्राण राहीना. सृष्टिसौंदर्याचा एवढा मोठा उपासक, पण भाकरीच्या तुकड्यावांचून तोहि हतबल झाला, आणि तें त्यानें प्रांजळपणें लिहिलें. त्याच मेंढरांनीं चढणीवरचीं फुलें, गवत, कोंवळीं रोपें साफ खाऊन टाकलेलीं पाहिल्यावर या कळपांना तो टोळधाडीच्या पंक्तीस बसवूं लागला. या वरच्या प्रदेशासह योसेमिटीचें राष्ट्रीय उद्यान १८९० सालीं झालें, तेव्हां मेंढरांना तेथें बंदी झाली. तिची अंमलबजावणी घोडेस्वार पलटणीकडे होती. दंड करण्याची तरतूद कायद्यांत नव्हती. म्हणून स्वार मेंढपाळांना उद्यानाच्या एका सीमेबाहेर आणि मेंढरांना दुसऱ्या सीमेबाहेर नेऊन सोडीत. दोघांची पुनर्भेट होईपर्यंत हंगाम सरलेला असे. ही युक्ति ज्याला सुचली त्याला मेंढ्यांचा स्वभाव चांगला ठाऊक असला पाहिजे.

मेंढरांच्या तळानंतर वर्षभरानेंच विद्येचा तळ पडला. जोसेफ लकाँट हा कॅलिफोर्निया विद्यापीठाचा भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक १८७० च्या उन्हाळ्यांत आपल्या विद्यार्थ्यांसह घोड्यांवरून सिएराच्या सफरीस निघाला होता. योसेमिटीच्या दरींत लांकूड कापण्याच्या गिरणींत काम करणाऱ्या म्यूरशीं त्यांची गांठ पडली आणि तो वाटाड्या म्हणून त्यांच्याबरोबर वर आला. हे दोघे तेनायाच्या कांठीं आले तो काळ शास्त्रीय वादाचा होता. कॅलिफोर्नियाच्या भूगर्भ-पाहणीचा प्रमुख जोसाया व्हिटनी याचें मत असें कीं, योसेमिटीची दरी जमीन खचून झाली. म्यूर म्हणे, ती हिमनद्यांनीं कोरली. व्हिटनीनें त्याला अडाणी मेंढपाळ म्हणून उडवून लावलें. लकाँटनें मात्र पदव्या मोजल्या नाहींत. वाटेंत दोन दिवस त्यानें या मेंढपाळाचें म्हणणें ऐकून घेतलें, त्यानें दाखविलेले खडक हातानें चांचपून पाहिले, आणि त्याच्या म्हणण्याचा पुष्कळसा भाग मान्य केला. आज शास्त्रज्ञ असें मानतात कीं, दरी कोरण्यांत नदीचा वांटाहि मोठा होता. तरी हिमनद्यांच्या बाबतींत मेंढपाळच खरा ठरला.

त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर हे दोघे पाण्यांत शिरलेल्या एका उंच खडकावर जाऊन बसले. चांदणें लख्ख होतें. सरोवरावर बारीक लाटा उठत होत्या आणि पाठीमागें पाइनच्या रानांतून वारा वाहत होता. पाइनच्या सुईसारख्या पानांतून जाणारा वारा ज्यांनीं ऐकला असेल त्यांना ठाऊक असेल कीं तो सळसळत नाहीं. दूरवर समुद्र गाजावा तसा एकसुरी, सखोल घोष त्यांतून निघतो. दिवसभर अखंड बोलणारे हे दोन पंडित तेथें कितीतरी वेळ कांहींएक न बोलतां बसून राहिले. लकाँट त्या जागेला जन्मभर विसरला नाहीं. पुढें १९०१ सालीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं, तो पुन्हां या डोंगरांत आला असतां दरींतच वारला. त्याच्या स्मरणार्थ तेथें एक दगडी वास्तु उभी राहिली. परंतु तो मूळचा दक्षिणेंतला, गुलाम बाळगलेला गृहस्थ, आणि वंशभेदाचें समर्थन त्यानें लेखणीनेंहि केलेलें, म्हणून २०१६ सालीं त्याचें नांव त्या वास्तूवरून काढण्यांत आलें. नांव देणें सोपें असतें. तें टिकेल याची हमी कोणीच देऊं शकत नाहीं.

आतां अशा उंचीवर रात्र काढणें म्हणजे काय, हेंहि थोडें पाहूं. पहिली अडचण चुलीची. साधारण आठ हजार फुटांवर हवेचा दाब कमी असल्यामुळें पाणी शंभर अंशांवर उकळत नाहीं. ब्याण्णवाच्या सुमारासच उकळूं लागतें. पाण्याला खळाखळ उकळी फुटलेली दिसते, पण डाळ शिजत नाहीं, घेवड्याचे दाणे तास न् तास टणक राहतात, आणि चहालाहि मैदानांतला रंग चढत नाहीं. झाकण घट्ट लावून वाफ कोंडणें हा त्यावर उपाय. म्हणून जाणते लोक अशा मुक्कामाला कडधान्य नेत नाहींत, किंवा नेलें तर आदल्या रात्रीं भिजत घालतात. दुसरी अडचण झोंपेची. दिवसा ऊन अंगाला चटके देतें, आणि सूर्य घुमटाआड गेला कीं अर्ध्या घटकेंत दांत वाजूं लागतात. भर उन्हाळ्यांतहि कित्येक पहांटे तंबूवर दंवाचा पापुद्रा धरलेला असतो. थंड हवा पाण्यासारखी उताराकडे वाहत जाऊन सखल जागीं सांचते. म्हणून तंबू सरोवराच्या अगदीं कांठाला न ठोकतां थोडा वर, झाडांच्या आडोशाला ठोकणारा सुखानें झोंपतो. शिवाय बर्फ वितळल्यानंतरच्या महिन्याभरांत कांठच्या दलदलींत डांसांचें साम्राज्य असतें. छायाचित्रांत डांस दिसत नाहींत, ही सरोवरांच्या कीर्तीच्या दृष्टीनें मोठी सोय आहे.

आणि अस्वल! तेथलें अस्वल काळ्या जातीचें, माणसावर सहसा न धांवणारें. परंतु त्याच्या नाकापुढें कुत्र्याचें नाक कांहींच नव्हे. खाद्यपदार्थच काय, साबण आणि दंतमंजनहि त्याला वासानें कळतें. एके काळीं उद्यानाचे चालकच प्रवाशांच्या करमणुकीसाठीं दिव्यांच्या उजेडांत अस्वलांना उष्टें-खरकटें घालीत. त्याचें फळ पुढच्या पिढ्यांनीं भोगलें. अन्नाची पिशवी दोरीनें उंच फांदीला टांगली तर अस्वलें दोरी कुरतडावयास शिकलीं, आणि आई जें शिकली तें पिलांनीं उचललें. मोटारगाडीचें दार वांकवून आंतला फराळ लांबविणें हा तर त्यांचा नेहमींचा धंदा झाला. १९९८ या एका वर्षांत योसेमिटींत असे दीड हजारांहून अधिक प्रकार नोंदले गेले. अखेर अस्वलाला उघडतां येणार नाहीं असा कठीण डबा प्रत्येक तळकऱ्यानें जवळ बाळगावा, अशी सक्ति झाली आणि उपद्रव पुष्कळच ओसरला. सोकावलेल्या अस्वलाला शेवटीं गोळी घालावी लागते. म्हणजे उघड्यावर टाकलेल्या एका पोळीची किंमत कधीं कधीं एका जनावराच्या प्राणाइतकी होते.

तळकऱ्यांनीं सरोवराला दिलें काय, असेंहि विचारतां येईल. १८७८ सालीं जॉन मर्फी नांवाचा मनुष्य कांठावर घर करून राहिला आणि त्यानें पाण्यांत ट्राउट मासे सोडले. खालच्या धबधब्यांमुळें सिएराच्या माथ्यावरील सरोवरांत मासे मुळांत नव्हतेच. मासे आले, गळ टाकून बसणारे आले, आणि माशांनीं बेडकांचीं पिलें खाल्ल्यामुळें ठिकठिकाणचे पर्वती बेडूक नाहींसे होत गेले. १८८३ सालीं एका खाणीसाठीं सरोवरावरून ५६ मैलांचा रस्ता तयार झाला. तो मुख्यत्वें चिनी मजुरांनीं अवघ्या १३० दिवसांत बांधला. खाण लवकरच बुडाली, रस्ता राहिला. पुढें मोटारी आल्या, आणि १९६१ सालीं तो रस्ता रुंद करून नव्यानें खुला झाला. त्यासाठीं सरोवराकांठचा झिलईदार खडक सुरुंगानें फोडण्यांत आला. प्रसिद्ध छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यानें १९५८ सालीं त्याविरुद्ध निषेधाचा मोठा आवाज उठविला. पण काम थांबलें नाहीं. वीस हजार वर्षांची झिलई एका दिवसांत उडाली. आणि तरीहि हें लिहिलें पाहिजे कीं, त्याच रस्त्यामुळें म्हाताऱ्याकोताऱ्यांना, लहान मुलांना आणि पंगूंना हें सरोवर पाहावयास मिळतें. या प्रश्नाचा निकाल एका बाजूनें देणें सोपें नाहीं.

कांठावर तंबूंसाठीं राखून ठेवलेलें एक मैदानहि होतें. तें विसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झालें. आतां तेनायाच्या कांठीं रात्रीं राहतां येत नाहीं. दिवसा यावें, पाण्यांत पाय सोडावे, आणि मावळतीला उठावें. आंतल्या रानांत तळ टाकावयाचा तर परवाना लागतो, रोजच्या माणसांची संख्या ठरलेली असते, आणि तंबू कोणत्याहि पाण्यापासून शंभर फूट दूर असावा लागतो. शौचाचा खड्डाहि पाण्यापासून तितकाच दूर, सहा इंच खोल, आणि कागद परत न्यावयाचा. ९,६०० फुटांच्या वर शेकोटी पेटविण्यास मनाई आहे, कारण तेथें झाड इतकें हळू वाढतें कीं एका रात्रीच्या ऊबेसाठीं शंभर वर्षांचें लांकूड जळून जावें. झऱ्याचें पाणी ओंजळीनें पिण्याचे दिवसहि गेले. तें उकळून किंवा गाळून घ्यावें लागतें. हे निर्बंध जाचक वाटतात खरे. पण ज्या डोंगरांत पूर्वीं मूठभर माणसें चढत, तेथें आतां दर वर्षीं लाखों लोक जातात.

सरोवराच्या पोटांतहि एक गोष्ट दडलेली आहे. पाण्याखालीं पाइनचे जुने बुंधे उभे आहेत. ते वाहत येऊन रुतलेले नाहींत. त्यांचीं मुळें तळाच्या मातींत आहेत. म्हणजे ते झाड असतांना तेथें पाणी नव्हतें. स्कॉट स्टाइन या शास्त्रज्ञानें सिएरांतील अशा अनेक ठिकाणच्या बुंध्यांच्या वयाचा तपास करून १९९४ सालीं असें दाखविलें कीं, मध्ययुगांत कॅलिफोर्नियावर दोन भयंकर अवर्षणें येऊन गेलीं: एक सन १११२ च्या सुमारास संपलेलें, दोनशें वर्षांहून अधिक काळ टिकलेलें, आणि दुसरें १३५० च्या सुमारास संपलेलें, एकशेंचाळीस वर्षांहून अधिक काळाचें. आपल्याकडे दुर्गादेवीचा दुष्काळ बारा वर्षांचा सांगतात. येथें पिढ्यान्‌पिढ्या पाऊस अपुराच पडत गेला, सरोवर आटलें, आणि त्याच्या तळावर रान माजून म्हातारें झालें. मग पाणी परत आलें आणि झाडें उभ्याउभ्याच बुडालीं. कॅलिफोर्नियांतलीं शहरें, कालवे, बागा हें सारें ज्या दीड-दोन शतकांत उभें राहिलें तीं त्या मानानें ओलीं होतीं, ही गोष्ट तेथील जलविद्येचे जाणकार आतां चिंतेनें बोलतात.

तेनायाच्या टोळींत १८५१ सालीं एक लहान मुलगी होती. तोतूया तिचें नांव, नात्यानें ती तेनायाची नात. पुढें ती मारिया लेब्राडो या नांवानें डोंगराच्या पायथ्याशीं संसार करून राहिली. १९२९ सालीं, म्हणजे ७८ वर्षांनीं, तिला योसेमिटीच्या दरींत पुन्हां आणण्यांत आलें. आपल्या लोकांची आठवण असलेली तेव्हां ती एकटीच उरली होती. कडे, धबधबे यांना तिनें जुन्या नांवांनीं ओळखलें. पण दरीचा तळ पाहून ती नाराज झाली. केवढें हें गचपण, किती ही अस्वच्छता, असा तिच्या बोलण्याचा भाव होता. ज्या रानाला प्रवासी अस्पर्श निसर्ग म्हणून वाखाणीत होते, तें तिच्या डोळ्यांना न झाडलेल्या अंगणासारखें दिसलें. तिचे लोक दर कांहीं वर्षांनीं दरींत हलकी आग फिरवून झुडुपें काढून टाकीत, ओकच्या झाडांना मोकळी हवा ठेवीत. गोऱ्यांच्या राज्यांत आगीला सक्त बंदी झाली आणि पाइनचें दाट रान माजलें. तोतूया १९३१ सालीं वारली. १९७० पासून उद्यानाचे अधिकारी स्वतःच, हंगाम आणि वारा पाहून, त्या रानांना हलकी आग लावूं लागले.

तेनायानें बनेलला सांगितलेलें नांव पुढें नकाशावर आलें. सरोवराच्या ईशान्येस थोड्याच अंतरावर एक गुळगुळीत ग्रॅनाइटचा घुमट आहे. त्याला पायवीॲक म्हणतात. सरोवराचें नांव तेनायाच राहिलें आहे.